वजन, भडंग आणि दुसऱ्या दिवशीची न्याहारी

चाळिशी ओलांडलेल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्याला ठरावीक काळानं वैद्यकीय तपासणी करून घेता येते आणि पाच हजार रुपयांपर्यंतचा खर्च परत मिळतो. चाळीस ते पन्नास वयात दोन वर्षांतून एकदा, त्यापुढे दरवर्षी. आमच्या पाटबंधारे कार्यालयात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि जात कुणीच नव्हतं, कारण रिपोर्ट हातात आला की काहीतरी करावं लागतं. माझं वय तेव्हा ४६. २३ जानेवारी २०२४ ला मी गेलो, तेही शेजारच्या टेबलावरच्या अण्णांना एकट्यानं जायचं नव्हतं म्हणून.

अण्णांचे रिपोर्ट छान आले. माझे असे: उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९८.४ किलो, कंबर ११२ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ३५ ला टेकलेला. आपल्याकडे २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. पुरुषाची कंबर ९० च्या आत असावी म्हणतात. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर, ६.२. हा आकडा ५.७ ते ६.४ असला की माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. शिवाय सोनोग्राफीत यकृतावर चरबी.

आधी कागदांचं सांगतो, कारण त्यात माझे पैसे अडकले होते. तपासणी शासनाच्या यादीतल्या रुग्णालयातच करायची, नाहीतर बिल लागत नाही. सगळ्या पावत्या मूळ लागतात. लॅबची पावती गुळगुळीत थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढून ती साक्षांकित करून घ्या. दोन-तीन महिन्यांत शाई उडते आणि कोरा कागद जोडून प्रस्ताव पाठवता येत नाही. मी फेब्रुवारीत प्रस्ताव दिला. मार्चअखेर अनुदान संपलं म्हणून तो परत आला, नव्या वर्षात पुन्हा दिला आणि पैसे ऑगस्टमध्ये जमा झाले. तोवर माझं बाकीचं बरंच काही घडून गेलं होतं.

सांगलीतल्या फिजिशियननी (फी ५०० रुपये) थायरॉइडची तपासणी करून घेतली, ती बरोबर निघाली. मग म्हणाले, "आत्ता गोळी नको. वजन पाच ते सात टक्के उतरवा, म्हणजे तुमच्या बाबतीत पाच-सात किलो. एवढ्यानंही साखरेत फरक पडतो. रोज अर्धा तास चाला आणि आहारतज्ज्ञांना भेटा." मी मनात पंचवीस किलोचा हिशोब मांडून गेलो होतो. पाच-सात म्हटल्यावर अगदीच किरकोळ वाटलं.

आहारतज्ज्ञ मिरजेला. पहिल्या भेटीला ८००, पुढे दर वेळी ३०० रुपये. त्यांनी दिलेला तक्ता वाईट नव्हता: सकाळी मोड आलेली मटकी किंवा अंडी, दुपारी शाळूची एक भाकरी, भाजी, ताक, संध्याकाळी फुटाणे, रात्री लवकर हलकं जेवण. सगळं मिळून बाराशे-तेराशे कॅलरी. मी त्यातलं संध्याकाळचंही काढून टाकलं. लवकर उतरवायचं तर पुरतं उतरवू या, हा विचार. पहाटे आमराईत चालायला जाऊ लागलो. तिथे वर्षानुवर्षं चालणारे गट आहेत आणि त्यातल्या काहींचं वजन वर्षानुवर्षं तेवढंच आहे, कारण फेऱ्या संपल्या की गट कट-वड्याच्या गाड्याकडे वळतो. मी वळत नव्हतो. मार्चअखेर काटा ९३ वर आला. कार्यालयात लोक म्हणू लागले, "काय ओ, गालफडं बसली की तुमची."

आणि मग रात्री सुरू झाल्या.

खरं तर त्या आधीपासूनच होत्या, आता धार आली. घरातले झोपले, दहा-साडेदहा वाजले की डोक्यात एकच गोष्ट. सांगलीत ती गोष्ट बहुतेक वेळा भडंग असते. चुरमुरे, लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता, तिखट आणि वाटतं त्यापेक्षा पुष्कळ तेल. हलकं असल्यामुळे किती खाल्लं ते कळतच नाही, हात पिशवीच्या तळाला लागला की कळतं. पण भडंगावर थांबत नव्हतं. त्यानंतर गोड हवं, म्हणून आईनं तासगावहून आणलेला बेदाणा मुठीनं. मग फ्रिजमधली उरलेली पोळी, तिच्यावर तूप-साखर. उभ्यानं, दिवा न लावता. चव पहिल्या दोन-चार घासांना, पुढे नुसता हात चालू. पोट दुखेपर्यंत. भुकेचा त्यात काही संबंध नाही असं मला वाटायचं. ते चुकीचं निघालं, पण ते पुढे.

दुसऱ्या दिवशी भरपाई. सकाळी नुसता चहा, दुपारी काकडी आणि ताक, कुणी विचारलं तर "पोट बरं नाही." त्या रात्री नऊलाच हात थरथरायला लागायचे आणि साडेदहाला पुन्हा तेच. ९ एप्रिलचा पाडवा, श्रीखंड-पुरी. मे महिन्यात लग्नं आणि आंबे. जूनच्या मध्यावर वजन ९६.९. आहारतज्ज्ञांकडे जायचं मी टाळत होतो. त्यांचाच फोन आला. गेलो. त्यांनी तक्ता बाजूला ठेवला आणि विचारलं, "दिवसा तुम्ही नीट खाताय हे दिसतंय. रात्री काय होतं?"

नोकरीतली इतकी वर्षं लोकांकडून माहिती काढण्यात गेली, पण इतका सरळ प्रश्न मी कुणाला विचारला नसेल. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे माझ्या तक्त्यानं सुटणार नाही, उलट वाढेल," आणि एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव दिलं.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. हाड, हृदय, किडनी, काय म्हणाल ते मिळतं. पण समोर बसवून बोलणारं माणूस मिळायला तीन आठवडे थांबावं लागलं. पहिली वेळ ८ जुलै २०२४, सायंकाळी पावणेसहा. पन्नास मिनिटं, ७०० रुपये. रजा टाकताना कारण 'घरगुती काम' लिहिलं.

सायकॉलॉजिस्ट मॅडमनी पहिल्या दिवशी वजन विचारलंच नाही. विचारलं ते असं: कमी वेळात, साधारण दोन तासांच्या आत, कुणीही खाईल त्यापेक्षा खूप जास्त खाणं होतं का? ते चालू असताना थांबायचं म्हटलं तर थांबता येतं का? आठवड्यातून किमान एकदा, असं तीन महिने झालंय का? नंतर उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं असं काही? झोप कशी, मन उदास राहतं का? याला बिंज ईटिंग म्हणतात आणि अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत २०१३ पासून तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदला आहे, हे मला तिथे कळलं. मनात ताकद नाही म्हणून असं होतं, हे मी स्वतःला सांगत आलो होतो. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडूनही एकदा तपासून घ्यायला सांगितलं (८०० रुपये). मानसोपचारतज्ज्ञांनी औषध सुरू केलं नाही. नैराश्य असतं तर केलं असतं म्हणाले.

मग मॅडमनी १९४४-४५ चा मिनेसोटा विद्यापीठातला एक प्रयोग सांगितला. ३६ धडधाकट तरुण स्वतःहून तयार झाले. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं, रोज दीड हजार कॅलरींच्या आसपास, आणि चालायला लावलं. हळूहळू त्यांना अन्नाशिवाय काही सुचेना. ज्यांनी कधी चूल पाहिली नव्हती ते पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले. प्रयोग संपून भरपूर जेवण मिळू लागलं, तेव्हा काही जण पोट फुटेस्तोवर खायचे आणि तरी भूक आहे म्हणायचे. ती माणसं सडसडीत होती, माझ्यासारखी नव्हती, हा फरक मान्य. पण मी तर त्यांच्याहूनही कमी खात होतो. पाटबंधाऱ्यात नोकरी केलेल्याला पुढचं समजावून सांगावं लागत नाही: धरणात पाणी अडवून अडवून शेवटी सगळी दारं एकदम उघडली तर खालच्या गावात काय होतं ते आम्ही बघितलंय. दिवसभर मी दारं बंद ठेवत होतो.

उपाय ऐकून मी हादरलो. दिवसातून पाच वेळा खायचं. आठला न्याहारी, अकराला फळ किंवा शेंगदाणे, दीडला जेवण, पाचला काहीतरी, साडेआठला जेवण. दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नको. भूक असो नसो, आदल्या रात्री काहीही झालेलं असो. विशेषतः आदल्या रात्री काही झालेलं असेल तर. वजन आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी. आणि एक वही: वेळ, काय खाल्लं, कुठे, त्या आधी मनात काय चाललं होतं, आणि ताबा सुटला असेल तिथे फुली. कॅलरी लिहायच्या नाहीत.

"मॅडम, यानं वजन वाढेल."

"थोडं वाढेल कदाचित. तीन महिने वजनाकडे दुर्लक्ष करायचं. आधी फुल्या कमी करू."

वजन कमी करायला आलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. ज्यांना दिवसातून दोनदाच जेवणं मानवतं त्यांनी तसं करावं, माझी काही हरकत नाही. मला ते मानवणारं नव्हतं, कारण माझी प्रत्येक रिकामी वेळ रात्री व्याजासकट वसूल होत होती.

घरी सांगणं बाकी होतं. बायकोला म्हटलं, रात्री मी असं असं खातो, गाडीच्या डिकीत भडंगाच्या पिशव्या ठेवतो. ती म्हणाली, "अहो, त्या रिकाम्या पिशव्या काढून टाकतंय कोण मग? मीच की." सहा महिने तिला माहीत होतं. मी दुखावेन म्हणून बोलली नव्हती. आईला आजार वगैरे पटला नाही, पण पाच वेळा खायचं म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. "उपाशी राहून कुणाचं भलं झालंय व्हय रं," एवढंच तिचं मत.

दोन आठवड्यांत वही थोडी स्थिरावत होती आणि जुलैअखेरीस कृष्णेचं पाणी वाढलं. सांगलीकराला आयर्विन पुलाचे आकडे पाठ असतात: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं, ते कुणी विसरलेलं नाही. या वेळी पाणी चाळिशीच्या जवळ येऊन रेंगाळलं आणि मला पूर नियंत्रण कक्षात रात्रपाळी लागली, दहा ते सहा. दर तासाला पातळी घ्यायची, कोयनेचा विसर्ग लिहायचा, फोन उचलायचे. "साहेब, आमच्या गल्लीत येईल का पाणी?" याला उत्तर नसतं, पण फोन उचलावा लागतो. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर भडंगाचा ढीग, बाजूला कांदा, आणि दर तासाला चहा. माझी खाण्याची सगळी उबळ जिथून यायची ते सगळं एका खोलीत आणून ठेवल्यासारखं: जागरण, काळजी, रात्रीचे अडीच आणि भडंग.

मॅडमना फोन केला. त्यांनी वेळापत्रक पाळीप्रमाणे सरकवून दिलं: निघण्यापूर्वी साडेनऊला जेवण, एकला डबा, चारला केळं आणि शेंगदाणे, सकाळी घरी आल्यावर न्याहारी, मग झोप. डब्यात भाकरी, मटकीची उसळ, ताक. आणि भडंग खायचंच असेल तर वाटीत घेऊन, खुर्चीवर बसून, डब्याबरोबर. वाटी घरून न्यावी लागली. सहकारी हसले. "सरकारी मापानं चाललंय का काय?"

उबळ आली की काय करायचं याची यादी खिशात होती. तिचा साधा नियम असा की उबळ चढते, टोकाला जाते आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ हात आणि पाय दुसरीकडे गुंतवायचे. खायचं नाही असं नाही, वीस मिनिटांनी ठरवायचं. कंट्रोल रूममध्ये मी मागच्या वर्षांच्या नोंदवह्या लावत बसायचो. घरी गाडी पुसायचो, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायचो. "रात्री दहाला गाडी पुसतोयस?" आई विचारायची. अंघोळ हा सगळ्यात चांगला उपाय. ओल्या अंगानं स्वयंपाकघरात जायचा कंटाळा येतो.

तरीही एका पहाटे ढीग संपवला. पाणी अर्धा फूट चढलं होतं, फोन थांबत नव्हते. सातला घरी आलो, पोट तट्ट. बायकोनं उपमा केला होता. खावासा अजिबात वाटत नव्हता, आणि न खाण्यात एक प्रकारची शिक्षा भोगल्याचं समाधान होतं, ते मला चांगलं ओळखीचं होतं. वाटीभर उपमा खाल्ला. वहीत फुली मारली, खाली न्याहारीची वेळ लिहिली. त्या दिवशी दुपारी आणि रात्री काही झालं नाही. फुलीनंतरचा दिवस कोरा जाण्याची ती पहिली वेळ. पाणी पुढे उतरलं.

ऑगस्टमध्ये काटा ९७.५ झाला. मॅडमनी सांगून ठेवलं होतं, तरी रविवारची सकाळ वाईट गेली. सप्टेंबरपासून तो खाली यायला लागला, महिन्याला साधारण किलो, कधी थोडं कमी-जास्त. आहारतज्ज्ञांकडे परत गेलो; त्यांनी तक्त्याऐवजी आमचंच जेवण हातात घेतलं. अख्खा मसूर घरी करा, तेलाचा कट आणि बटर रोटी सोडून द्या, डाळ दुप्पट, भाकरी दीड. पोट भरायला लागलं. ढाब्यावरच्या अख्ख्या मसुराची सर त्याला नाही, पण बुधवारी रात्री बरा लागतो.

सणांच्या आधी मॅडमबरोबर कागदावर आखणी व्हायची. गणपतीत मोदक जेवणातच, तीन, तूप घालून. दिवाळीत फराळाचे डबे वरच्या फळीवर न लपवता पाचच्या खाण्यात धरायचे. लपवलेलं मी शोधतोच. भडंग आता घरात असतं, पाव किलोचं, आणि शनिवारी पाच वाजता सगळे मिळून कांदा-टोमॅटो घालून खातो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला घाम फुटला होता.

भेटी सुरुवातीला आठवड्याला होत्या, मग पंधरा दिवसांनी, २०२५ च्या जानेवारीपासून महिन्याला. आजवर समुपदेशनाचे सगळे मिळून चौदा-पंधरा हजार गेले असतील. हे पैसे मला परत मिळाले नाहीत. एवढं जमत नसेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते, वार विचारून जा. टेलिमानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. थांबण्याच्या त्या तीन आठवड्यांत मी एका रात्री तिथे फोन केला होता. पलीकडच्या माणसानं उपदेश केला नाही.

फेब्रुवारी २०२५ ला स्वतःच्या खर्चानं तपासण्या केल्या. वजन ९१.२, एचबीएवनसी ५.८. फिजिशियन म्हणाले, चालू ठेवा. मार्चमध्ये मौंजारो हे साखर आणि वजन उतरवणारं औषध भारतात आलं आणि कार्यालयात दुसरा विषय उरला नाही. मीही विचारलं. आठवड्याला एक इंजेक्शन. बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत दुसरा आजार असेल तर देतात. सुरुवातीच्या डोसलाच तेव्हा महिन्याला चौदा हजार. कागदावर मी बसत होतो. वजन उतरतंय आणि फुल्या कमी होताहेत तर आत्ता गरज नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं. ज्यांना दिलंय त्यांना आळशी म्हणणारे आमच्याकडे बरेच आहेत. त्यांनी एकदा माझी वही वाचावी.

आज ऑक्टोबर २०२५. वजन ८८ च्या आसपास, म्हणजे माझा बीएमआय अजूनही लठ्ठपणातच मोडतो. गेल्या महिन्यात वहीत फुली आहे. मेहुण्याच्या घरची वास्तुशांत, दोन वेळची बासुंदी आणि रात्री घरी येऊन पुन्हा फ्रिज. दुसऱ्या दिवशी आठला पोहे खाल्ले आणि कार्यालयात गेलो.

लक्ष्मीपूजन २१ ला आहे. यंदा चकली घरी करायची आणि चिवडा बाहेरून पाव पाव किलोच आणायचा, असं बायकोशी ठरलंय. आईचा चिवड्याच्या बेताला विरोध आहे, तो बहुतेक टिकेल. मॅडमची वेळ २७ ऑक्टोबरची घेतलीय, दिवाळी संपल्यावर लगेच. जानेवारीत दोन वर्षं पूर्ण होतात, म्हणजे पुन्हा तपासणीचा हक्क. या वेळी प्रस्ताव जानेवारीतच देणार, आणि अण्णांनाही घेऊन जाणार. त्यांची कंबर सुटलीय.